नाव दिलेलं माकड

नेलिदाने माकडाला नाव दिलं आणि पंचाईत करून ठेवली. अमेझॉनकाठच्या त्या गावात घरी आलेल्या जनावराला एकदा नावाने हाक मारली की ते घरचं होतं; मग त्याला विकत नाहीत, मारत नाहीत. तिचा नवरा अबुंदियो प्रयोगशाळेसाठी रात्री हिंडणारी, वाटोळ्या डोळ्यांची माकडं पकडायचा, पण पिंजऱ्यातल्या माकडाला घरात कुणी चुकूनही हाक मारत नसे. या नराच्या पाठीवर मात्र पिल्लू होतं. या जातीत पिल्लाला बापच वागवतो. ते बघून केळं देताना तिच्या तोंडून निघून गेलं, "घे रे, लेलो."

"झालं. उद्या होडी आली की काय देऊ? तुझं तोंड?" अबुंदियो चिडला.

"दे ह्यालाच. डॉक्टरबाईंना कुठे ठाऊक आहे?"

"तुला ठाऊक आहे ना?"

तिला मोडता घालायचाच नव्हता. गेल्या साली तिची पोर, मार्लेनी, हिवतापाने तिच्या मांडीवर गेली होती. त्याच तापाची लस शोधायला ही माकडं जात. लस सापडली तर दुसऱ्या कुणाची तरी पोर वाचेल, एवढं तिला कळत होतं.

सकाळी प्रयोगशाळेची डॉक्टर ग्रासिएला होडीने आली. नेलिदाने स्वतःच पिंजरा होडीत नेऊन ठेवला.

"ह्याला ताप आणणार ना तुम्ही? थंडी वाजते का ह्यांना?"

"वाजते. आपल्यासारखीच. म्हणून तर हे लागतात."

"मग जवळ कोण बसतं?"

"बसत कुणी नाही, बाई. औषध वेळेवर देतो. बहुतेक बरे होतात, मग जंगलात सोडतो."

"मी येते. कोपऱ्यात बसेन, मधेमधे करणार नाही."

ग्रासिएला हसली नाही. "आत कुणाला सोडत नाहीत. खोटं कशाला सांगू?"

त्या तापात मार्लेनीचे दात वाजत होते तेव्हा नेलिदाने तिला छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं. पोर वाचली नाही, पण एकटी गेली नाही. तिने पिंजरा उचलला आणि काठावर उतरली.

"तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "लस हवीच आहे. पण हा नाही."

"हा नाही तर दुसरा न्यावा लागेल."

दिराच्या अंगणातून दुसरा पिंजरा आला. त्यातल्याला कुणी नाव दिलं नव्हतं. थंडी त्यालाही तेवढीच वाजणार, हे नेलिदाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी होडी सुटेपर्यंत तिने त्या पिंजऱ्याकडे पाहिलं नाही.