काळूचे पाय

माझा धाकटा भाऊ काळूराम जन्माचा हट्टी. माझ्या पेशी अंगात घेऊन हा नुसता खाटेवर पडून राहणार हे आधी कळलं असतं, तर देण्यापूर्वीच मी त्याच्याकडून शपथ घेतली असती. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, तपासणीत घरात माझ्याच पेशी त्याच्याशी जुळल्या. ठाण्याच्या हॉस्पिटलात मला मशीनला जोडून बसवलं. एका हातातून रक्त जायचं, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत यायचं. त्या पेशी सलाइनसारख्या काळूला चढवल्या आणि त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. घरच्यांपैकी आत फक्त त्याचा मुलगा हर्षित, तोही मास्क आणि गाऊन घालून. मी माझ्या सासरहून, आंबिवलीहून, रोज यायची आणि काचेबाहेर उभी राहायची.

व्यायाम करून घ्यायला दिशा नावाची मुलगी यायची. गोड बोलायची बिचारी. काका, पलंगाशेजारी उभे राहा, जागच्या जागी पाय उचला, एवढंच तिचं मागणं. काळू भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पेशी रुजतील असं दिसतंय म्हणाले, पण हे असेच पडून राहिले तर पायांतलं बळ जाईल, छातीत कफ साचेल. अंगात प्रतिकारशक्ती नाही, अशात न्यूमोनिया झाला तर वाचवणं कठीण.

घरच्यांची आणखी वेगळी तऱ्हा. आजाऱ्याला पाय जमिनीला टेकवू द्यायचा नाही, हीच आमच्याकडची माया. भावजय रोज फोन करून हर्षितला बजावायची, बाबांना दमवू नकोस. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

पण काळूचं कारण निराळं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. आमचं लहानपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं. पाऊस सरला की मिठाच्या खणातला चिखल पायांनी तुडवायचा, तळ घट्ट होईपर्यंत. सगळं घर एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात. एकाने ठेका धरायचा, बाकीच्यांनी त्यावर पाय मारायचे. एखादी जागा सुटली तर तळ तिथे मऊ राहायचा आणि मीठ काळं पडायचं. बापाच्या पायांना भेगा पडून रक्त यायचं. काळू रात्री त्यावर खोबरेल चोळायचा आणि म्हणायचा, मी मोठा झालो की आपल्या घरात कोणी तुडवणार नाही. पठ्ठ्याने शब्द खरा केला. आमचं थोडं भातशेत होतं, त्यावर इमारत उभी राहिली, पैसा आला आणि हा नाक्यावरच्या देवळातसुद्धा गाडीने जाऊ लागला. आम्ही हसायचो त्याला.

मला मात्र ते मिठागर फार आठवतं. संध्याकाळच्या पांढऱ्या राशी, खारा वारा, ओठांवर सतत ती चव. आता तिथे तिवरांची झुडपं माजलीत. कधी त्या बाजूने गेले की अजून पाय निघत नाही. काळूला तसं कधी होत नसावं, असंच मला वाटायचं.

त्या दिवशी दिशा पुन्हा हात हलवत परतायला निघाली, तशी मी काचेवर टकटक करून तिला आतच थांबवलं. हर्षितला फोन लावून काळूच्या कानाशी धरायला सांगितलं आणि चांगलं फैलावर घेतलं त्याला. तो सगळं ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "बाय, मना आता तुडवाचा नाय. बापाचं पाय बघलंस ना तू?"

क्षणभर माझाच धीर सुटला. "बघलं," मी म्हटलं. "त्याच पायांवर वाढलू ना आपुन? तू गेलास त मी भांडू कोनासंगं?"

मी चपला काढल्या, काचेवर हात टेकला आणि ठेका धरून पाय मारायला लागले. गुडघे कुरकुरत होते. नर्स बघायला लागली, म्हटलं बघू दे. फोनमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने पाय खाली सोडले. दिशाने कमरेला आधार दिला आणि हर्षितचा खांदा धरून काळू काचेला लागून उभा राहिला. एक पाय जेमतेम उचलला गेला. मग दुसरा. पाय कसले, नुसत्या काड्या झाल्या होत्या. मला रडू आवरेना, पण ठेका सोडला नाही.

थोड्या वेळाने तो धापा टाकत थांबला. मला वाटलं, आता बसेल.

"बाय," त्याने विचारलं, "तुडवताना आई कंच्या बाजूला असाची?"

आई जाऊन किती वर्षं झाली. तिचं नाव तो कधी काढत नसे.

"आपल्या दोघांच्या मधी," मी म्हटलं.

त्याने काचेकडे पाहिलं. मग हर्षितला धरून तो पाऊलभर मागे सरकला, एका माणसापुरती जागा सोडली, आणि पुन्हा पाय उचलायला लागला.