चहाबंदी

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की आजूबाजूच्यांची धडगत नसते. हे माझ्या नवऱ्याचं मत. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात ते आमच्या ऑफिसलाही पटलं.

तेव्हा मी लंडनमधल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात, पेशंटांच्या फायली ठेवतात त्या रेकॉर्ड्स विभागात नोकरीला होते. खोलीत आम्ही तिघी: सुपरवायझर पॉलीन, मी आणि रझिया. रझिया लाहोरची, लग्न होऊन इथे आलेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. चार वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसत होतो. इंग्रजी बोलून जबडा दुखला की मी तिच्याशी माझ्या दिव्य हिंदीत बोलायचे. ती हसायची, पण ऐकायची. मनातलं बोलावं असं त्या तळघरात तेवढं एकच माणूस होतं.

रमजान सुरू झाला त्या दिवशी मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. उपास म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं आणि डबा तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "ले लो. उपास को चलता है."

ती डब्याकडे बघत राहिली. "दीदी, हमारे में कुछ नहीं चलता. सूरज डूबने तक."

"पाणी तरी?"

"पानी भी नहीं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे मे महिन्यात सूर्य मावळायला जवळजवळ नऊ वाजतात. आणि आमचा उपास म्हणजे खिचडी, रताळ्याचा कीस, तीनदा चहा, वर उपासाचा थकवा म्हणून दुपारची झोप! रझियानं डबा संध्याकाळसाठी पिशवीत ठेवला. मी मात्र तिथल्या तिथे ठरवलं की या मुलीसमोर कुणी तोंड हलवायचं नाही.

केटल मी बाहेरच्या कपाटात नेऊन ठेवली. बिस्किटांचा डबा कुलपात गेला. पॉलीनला सांगितलं, सँडविच खायचं तर वर कॅन्टीनमध्ये.

"पण तिनं असं काही म्हटलंय का, सुप्रभा?" पॉलीननं विचारलं.

"ती कशी म्हणेल? आपल्याला कळायला नको?"

रझिया दोन-तीनदा म्हणाली, "दीदी, आप लोग पियो ना चाय, मुझे कुछ नहीं होता." मी ऐकते थोडीच! उलट मी स्वतः कॅन्टीनमध्येही चहा प्यायचं सोडलं. नियम आपणच केला तर आपण पाळायला नको?

आता, चहाशिवाय मी म्हणजे नुसता वैताग. अकरा वाजले की डोकं ठणकायचं. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पेनचं टोपण काढ, लाव, परत काढ. एकदा तर मी हार्टच्या पेशंटची फाईल बाळंतिणींच्या फळीवर लावून आले. रझिया शांतपणे काम करायची आणि मी खुर्चीत चुळबुळत घड्याळ बघायचे. रोजा तिचा आणि हाल माझे. पण खरं सांगते, त्या हालांची मला थोडी ऐटही होती. एवढं कोण करतं दुसऱ्यासाठी?

अकराव्या दिवशी दुपारी एक जुनी फाईल शोधत मी शेवटच्या फळ्यांमागे गेले. तिथे रझिया फरशीवर बसली होती. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी, आणि चीज सँडविचचे मोठे मोठे घास घाईघाईनं गिळत होती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अकरा दिवसांचा न प्यायलेला चहा एकदम वर आला.

"वा! रोजा तोड दिया? और हम इधर ग्यारह दिन से चाय के बिना मर रहे हैं!"

चांगलं खणखणीत बोलले. पॉलीनला हिंदीचं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे चारचौघांत बोलतोय असं मला वाटलंच नाही. बोलून वळले तर समोर मलिकचाचा.

मलिकचाचा म्हणजे आमचे पोर्टर, वॉर्डांतल्या फायली ट्रॉलीवरून आणणारे. साठीला आलेले, सियालकोटचे. रझियाच्या सासऱ्यांबरोबर दर शुक्रवारी नमाजाला जाणारे. त्यांना शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी खाली ट्रॉलीच्या चाकाकडे बघितलं, आणि फायली न उतरवताच ट्रॉली वळवून निघून गेले.

रझियानं अर्धं सँडविच कागदात गुंडाळलं.

"दीदी, महिने के उन दिनों में औरतों को रोजा माफ होता है. बाद में रख लेते हैं." मग ट्रॉली गेली त्या दिशेला बघत ती म्हणाली, "चाचा के सामने, दीदी. अब मैं उनको मुँह कैसे दिखाऊँ?"

आमच्याकडे त्या दिवसांत बाईला बाजूला बसवायचे, देवाजवळ फिरकू द्यायचे नाहीत, पण उपास तसाच चालू. चतुर्थी असो की एकादशी. पाळी आली म्हणून उपास सुटतो हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. आणि तिला खायला जागा कुठे ठेवली होती मी? खोलीत बंदी, कॅन्टीनमध्ये मलिकचाचांची ऊठबस. फळ्यांमागच्या फरशीवर मीच तिला नेऊन बसवलं होतं.

चार वाजता रझियानं बदलीचा अर्ज भरून पॉलीनच्या ट्रेमध्ये ठेवला. एक्स-रेच्या रिसेप्शनवर. पॉलीन तो उद्या वर पाठवणार होती. निघताना रझिया मला नेहमीसारखं "खुदा हाफिज" म्हणाली नाही.

पिनरला घरी पोचेपर्यंत ट्रेनमध्ये मी तीनदा जागा बदलली. जेवताना सगळं मीनलला सांगितलं. मीनल माझी मुलगी, तेरा वर्षांची. मला वाटलं ती म्हणेल, आई, तुला काय माहीत होतं!

ती ताटाकडे बघत म्हणाली, "तू असंच करते, आई. माझा पण तू सगळ्यांना सांगितला."

"काय सांगितलं मी?"

"गणपतीला. अजयकाका होता, हरीशकाका होता, सगळे आरतीला स्टँडिंग देअर. आणि तू जिन्यावरून शाउट केली, मीनल, तू आज देवाला हात नको लावू. आय वाँटेड टु डाय, आई."

"अगं, आपल्याकडे ते सगळ्यांना ठाऊकच असतं..."

"मला नव्हता पाहिजे ठाऊक," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

माझ्या आईनं मला तसंच ओरडून सांगितलं होतं, तिच्या आईनं तिला. आपल्याला तेव्हा काय वाटलं होतं, हे मी इतक्या वर्षांत आठवूनच बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आठवलं. लाज वाटली होती. भयंकर लाज.

दुसऱ्या दिवशी मी केटल परत जागेवर आणली. पॉलीननं देवाचे आभार मानले. अर्ज अजून ट्रेमध्येच होता. मी दोन मग चहा केला, एक खुर्ची उचलून शेवटच्या फळ्यांमागे नेली, एक मग आणि बिस्किटं तिथे ठेवली आणि रझियाजवळ आले. "मागे जा. निवांत खा. मी इथे उभी आहे."

"कोई आया तो?"

"मैं है ना," मी म्हटलं. माझ्या हिंदीवर ती हसली नाही, पण उठली.

माझा मग हातात धरून मी वाट अडवून उभी राहिले. प्यायची हिंमत होत नव्हती. पाच मिनिटांत ट्रॉलीची चाकं वाजली.

"चाचा," मी हळू आवाजात म्हटलं, "कल मैंने जो बोला..."

"कल मैंने कुछ सुना नहीं, बेटी." ते फायली उतरवत होते, वर बघत नव्हते. "मेरी तीन लडकियाँ हैं. इस महीने में हमारे घर के मर्द रसोई में खाँसकर जाते हैं. बस. न कोई पूछता है, न कोई बताता है."

मग ते मागच्या फळ्यांकडे पाठ करून उभे राहिले, मुद्दाम मोठ्यानं एकदा खोकले, आणि निघून गेले.

फळ्यांमागे मगात चमचा फिरल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे मी माझ्या चहाचा पहिला घोट घेतला. गार झाला होता. सगळा प्यायले.

थोड्या वेळानं रझिया बाहेर आली. पॉलीनच्या ट्रेमधून तिनं अर्ज काढून घेतला. फाडला नाही, घडी करून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला. "दीदी, कल शक्कर कम," एवढंच म्हणाली.

घरी आले तेव्हा मीनलच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते ढकलून मी रोज सरळ आत शिरते. हात दाराला लागलाही होता. तो मागे घेतला, आणि बाहेर उभी राहून खोकले.