राखेने घासलेली काच

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हा कुठल्यातरी फुटलेल्या तसबिरीचा तुकडा असावा. मी एक जुनी काच आहे. तळहातावर मावणारी, चौकोनी, आणि आता ठार मुकी. पण मला साधी काच म्हणू नका हं, मला राग येतो. माझ्या अंगावर केसाहून बारीक सोन्याच्या रेघा आहेत. चारी कडांकडून त्या मध्यभागी येतात, आणि तिथे प्रत्येक रेघेच्या टोकाला प्लॅटिनमचा एक काळा ठिपका होता. ते ठिपके म्हणजे माझे कान. चेतापेशी एकमेकींशी विजेच्या बारीक ठोक्यांनी बोलतात. ते ठोके ऐकण्यासाठीच माझा जन्म झाला.

मला नीरजाने घडवले. ती मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची मुलगी. शिकायला परदेशी गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तिने माझी एकेक रेघ आखली. रेघ तुटली की ती मालवणीत चरफडायची. १९८६ साली ती घरी परतली, ती मला साडीच्या घडीत गुंडाळून. वडील बोटीवर नोकरीला, घरात आई विमला एकटी. मोठ्या संस्थेत जागा मिळेपर्यंत नीरजाने पडवीतच टेबल मांडले.

शेजारची नर्मदा खाडीतून जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणून द्यायची. खेकड्याच्या जठरावर चेतापेशींची एक इवलीशी गाठ असते. बाहेर काढून समुद्राच्या पाण्यात ठेवली तरी ती कितीतरी तास आपले काम करत राहते. नीरजा ती गाठ माझ्या ठिपक्यांवर अलगद ठेवायची, माझ्या रेघा यंत्राला जोडायची आणि यंत्र कर्ण्याला. की लागलेच ठोके वाजायला! टक टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक टक.

ते ऐकायला अख्खी वाडी लोटायची. नर्मदाचा नवरा गंगाराम पडाव, म्हणजे मोठी होडी, चालवायचा. तो कर्ण्याला कान लावून म्हणाला, "अगो, ह्या तर पडावाच्या इंजनासारख्या वाजता!" सगळे हसले. मी मात्र फुगून बसले. एवढे कौतुक कुणाला नको असते?

दिवाळी सरली आणि खाडीचे पाणी तांबूस दिसू लागले. कुणी फारसे मनावर घेतले नाही. एका सोमवारी गंगारामने दुपारी तिसऱ्यांचे कालवण खाल्ले. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले. नर्मदाचा उपास होता. जेवण होते न होते तोच गंगारामचे ओठ बधिर झाले, मग हात, मग जीभ. घटकाभराने श्वास थांबला. लोकांनी नाकाशी सूत धरले, ते हलले नाही. "झटको इलो," सगळे म्हणाले आणि त्याला झाकले.

नीरजाला मात्र चैन पडेना. नर्मदाच्या टोपलीत उरलेल्या तिसऱ्या तिने मागून घेतल्या, उकळल्या, त्यांचे पाणी गाळले. आधी तिने तांबूस पाणी नसलेल्या तारकर्लीहून आणलेल्या तिसऱ्यांचे पाणी माझ्यावरच्या गाठीवर सोडले. टक टक चालूच राहिली. मग आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांचे पाणी सोडले. एकेक ठोका गळत गेला आणि कर्णा गप्प झाला. नर्मदा उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिने पदर तोंडात कोंबला. नीरजाने भराभर स्वच्छ समुद्राचे पाणी घालून ती गाठ धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. आणि मित्रांनो, बऱ्याच वेळाने माझ्या एका कोपऱ्यातून आवाज आला, टक. मग दुसरा. पेशी मेल्या नव्हत्या. विषाने त्यांची फक्त वाचा बंद केली होती.

आता नीरजाच्या पायांखाली आग लागली. कारण गावपळण आली होती. आमच्या गावात काही वर्षांनी देव कौल देतो आणि सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, कुणी म्हणून मागे राहत नाही. खाडीकाठच्या माळावर झोपड्या उभ्या राहतात आणि हाताशी खाडी असल्यावर चुलीवर तिसऱ्या ठरलेल्याच.

नीरजा गावकार बाबूंकडे धावली. गावात त्यांच्या शब्दाला मान. ते म्हणाले, "चेडवा, कोणाच्या तोंडचो घास असो काढूक येणा नाय. उद्या निघायच्या आधी माका तुझी काच ऐकव. पटला तर मीच सांगतंय, तिसऱ्यांका कोणी हात लावू नकात."

उद्या सकाळी! मी आनंदाने नुसती थरथरत होते. गाव वाचवायचा होता, आणि तो मी वाचवणार होते.

पहाटे नीरजा कुर्ली आणि स्वच्छ पाणी आणायला किनाऱ्यावर गेली. इकडे विमला घर आवरू लागली. गाव सोडताना घरात उष्टे, मळके काही ठेवून जायचे नाही, ही तिची शिस्त. तांब्यापितळेची भांडी घासून झाली आणि तिला मी दिसले. अंगावर कालच्या गाठीचे अवशेष आणि मधोमध काळे डाग. "अरे देवा, काय ही दशा," असे म्हणून तिने मला उचलले. मूठभर राख घेतली, नारळाची सोडणे, म्हणजे काथ्याच्या साली, घेतली आणि मायेने, अगदी मनापासून मला घासले. मित्रांनो, मी केवढी ओरडले! पण मला तोंड कुठे आहे? माझे कान राखेबरोबर मोरीतून माडाच्या आळ्यात वाहून गेले. तिने मला पदराने पुसले आणि जागेवर ठेवले.

बाबू आले, मागोमाग दहाबारा माणसे आली. नीरजाने माझ्यावर गाठ ठेवली, कर्णा लावला. नुसती खरखर. तिने तारा बदलल्या, गाठ बदलली. खरखरच.

"माका तर कायच ऐकाक येणा नाय गो," बाबू हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटले असावे. बाहेर गुरे हंबरत होती. लोक उठून गेले.

नीरजाने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि तिला दिसले, माझे ठिपकेच गेले होते. तेवढ्यात विमला दारात आली. "काच लख झाली मा गो? डाग काय जाय नाय होते." नीरजाने आईकडे पाहिले. "झाली गो आये," एवढेच ती म्हणाली.

माझ्यासारखी दुसरी काच तिच्यापाशी नव्हती. तरी मला पिशवीत घालून ती माळावर आली आणि झोपडी झोपडी फिरून हात जोडत राहिली, "तिसऱ्यो खाव नकात, पाया पडतंय." कुणी हसले, कुणी चिडले. "शिकान इली म्हणान आमका भिवयता," बाबूंची बायको रुक्मिणी म्हणाली. फक्त नर्मदाने आपली टोपली पालथी घालून ठेवली.

हे सगळे विमलाच्या जिव्हारी लागले. आपल्या मुलीमुळे माणसे तुटली, असे तिला वाटले. पहिला दिवस घरून आणलेल्या शिदोरीवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्मिणीने तिसऱ्यांचे कालवण केले. भात शिजायचा होता, म्हणून अजून कुणी जेवले नव्हते. मने सांधावीत म्हणून विमला आपणहून तिच्या चुलीशी गेली, वाटी पुढे केली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. नीरजा पाणी घेऊन येईपर्यंत वाटी रिकामी झाली होती.

"आये!" नीरजाने टोप लाथेने उलथून टाकला. कुणी काही बोलायच्या आत विमला म्हणाली, "गो, ओठांका मुंग्यो इल्यो." मग तिचे हात लुळे पडले. मग ती आडवी झाली. मग छाती थांबली. बाबूंनी गाडी आणायला माणूस पिटाळला, पण सूत हलले नाही आणि रुक्मिणी चादर घेऊन आली.

"झाकू नकात!" नीरजा किंचाळली. "ती मरूक नाय! विष उतारला की येतली!" तिने आईचे नाक दाबले, तोंडाला तोंड लावले आणि श्वास फुंकला. लोकांना वाटले, पोरीला वेड लागले. कुणी तिला ओढू लागले. नर्मदा मध्ये पडली. "सोडा तिका! मी ऐकलंय. गप झालला परत वाजता." आणि नीरजा दमली तेव्हा नर्मदाने गुडघे टेकून विमलाच्या तोंडात श्वास घातला. दुपारभर दोघी आळीपाळीने फुंकत राहिल्या. ओठ फुटले, घेरी आली, तरी थांबल्या नाहीत. मी पिशवीत पडून मोजत नव्हते, नुसती देवाला विनवत होते.

ऊन कलले, गाडीचा आवाज आला, आणि विमलाची छाती आपली आपण वर आली. एकदा. पुन्हा एकदा. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळले. ती सगळे ऐकत होती! बाबू हात जोडून उभे राहिले. त्या वर्षी पुढे कुणी तिसऱ्यांना शिवले नाही.

सगळे विमलाला गाडीत चढवत होते. नर्मदा मात्र जागची हलली नाही. तिने नीरजाचा हात धरून आपल्या नवऱ्याविषयी विचारले.

"नीरजा, आमचे घरकार पण असेच गप झाले होते काय गो? मी फुंकलं असतंय तर..."

नीरजाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नर्मदाने तो सोडवला आणि ती खाडीकडे तोंड करून बसली.

मित्रांनो, माझे कान गेले त्याचे दुःख मी सोसेन. विमलाला ते आजही ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पण तुमच्यासमोर कुणी असे गप्प झाले तर लगेच झाकू नका हो. गाडी येईपर्यंत त्याच्या तोंडात श्वास घालत राहा. कारण नर्मदाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला अजून कुणी धजलेले नाही.