गेरू पुसायचा नाही

मित्रांनो, मी जर्मनीत जन्मलेली आणि औरंगाबादेत म्हातारी झालेली मोटारसायकल आहे. म्हातारी खुशाल म्हणा. भंगार म्हणाल तर याद राखा!

आम्ही दोघी बहिणी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन साहेबांनी आम्हाला आणलं. दोघींची इंजिनं एडक्याच्या शिंगांसारखी दोन्ही अंगांना बाहेर आलेली. ती सुसाट पळणारी, मी साईडकार ओढायला घडवलेली, सावकाश पण दणकट. साहेब परत गेले, तेव्हा ती आप्पासाहेब जमीनदारांकडे गेली आणि मी कारखान्यातल्या कडुबा धनगराकडे. तिला मखमली पांघरूण मिळालं. माझ्या साईडकारमध्ये बिडकीनच्या बाजारची कोकरं बसली, अन् लेंड्यासुद्धा पडल्या. पण मी रोज रस्त्यावर होते.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलितांची घरं पेटली. कडुबाचा सोबती रखमाजी साळवे कारखान्यात अडकलेला, गरोदर बायको यमुना गावात. कडुबानं मला थेट वस्तीत घातली. यमुनाला साईडकारमध्ये बसवून वर घोंगडी टाकली. वेशीपाशी दगड आले. एक माझ्या टाकीवर बसला. लई दुखलं, पण मी बंद पडले नाही.

यमुना शहरात सुखरूप पोचली. कडुबानं मेंढ्यांना लावायचा गेरू आणला आणि टाकीवरच्या पोच्याभोवती पट्टा ओढला. देवाच्या नावानं सोडलेल्या एडक्याला त्याच्या घरी अशी खूण करतात. तो एडका मग विकायचा नाही, कापायचा नाही.

यंदा, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच आठवड्यात जुन्या गाड्या जमवणारे एक शौकीन पुण्याहून आले. कडुबाला मला घेऊन बोलावलं आणि आप्पासाहेबांच्या पुंडलिकनगरच्या अंगणात आम्हा बहिणींना शेजारी उभं केलं. ती जास्त ताकदीची, दुर्मीळ, रंगही मूळचा. फक्त उभी राहून राहून आतून गंजली होती. म्हणून आप्पासाहेबांनी आणि पाहुण्यांनी कडुबाला न विचारता ठरवलं काय, तर माझी गिअरपेटी काढून तिला बसवायची आणि उरलेली मी भंगारात. वा रे न्याय!

"मालक, देवाला सोडलेला एडका कुणी कापतं का?" कडुबा म्हणाला. "हिला गेरू लागलाय."

"पुसला की निघेल," म्हणत पाहुणे रुमाल घेऊन वाकले. कडुबानं किक मारली. मी अशी गरजले, की रुमाल तिथंच पडला आणि पाहुणे मागं सरले.

तिथून आम्ही रखमाजीच्या दारात गेलो. तो मागं बसला, यमुना आणि त्यांची लेक साईडकारमध्ये. विद्यापीठाच्या कमानीशी लेकीनं नवं नाव आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. यमुनाचा हात तेवढा वेळ माझ्या पोच्यावर होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. बहिणीची मला अजून कीव येते. तेल घाला, चालवा, आणि पोचा दिसला तर ठोकून सरळ करण्याआधी तो कशाचा आहे, ते विचारा.

गेरू पावसात फिका पडतो. यंदाच्या दसऱ्याला कडुबानं वाटी पुढं केली, आणि पट्टा रखमाजीच्या लेकीनं ओढला.