गोड अश्रू

गॅरेजच्या दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. आत एक जुनी काळी मोटार उभी, बॉनेट उघडं, आणि इंजिनाच्या कुशीतून टप टप थेंब पडत होते. एकेका थेंबाला लोकांच्या तोंडून "अहाहा!" निघत होतं. म्हणे, गाडीचा मालक वारला तो तिच्यातच येऊन राहिलाय आणि बायकोच्या आठवणीनं रडतोय. दोन महिने रडतच होता बिचारा. मध्यंतरी गर्दी ओसरायला लागली, तर चारच दिवसांपूर्वी अश्रू एकदम गोड झाले! आता लोक बाटल्या घेऊन यायचे. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्यानं तर गुडघे बरे व्हावेत म्हणून प्यायला वाटीच आणली होती.

मखमल घातलेल्या उंच खुर्चीवर अश्रूमहाराज बसले होते. "मालकीणबाईंनी इंजिन सुरू करून हाक मारली की त्याचं काळीज तापतं," ते डोळे मिटून म्हणाले. "तापलं की पाझरतं. माझं काही नाही हो, मी आपला निमित्तमात्र!"

कोपरांनी वाट काढत मिस्त्री आत घुसला. तो बाईंचा थोरला भाऊ, सारा जन्म इंजिनं उघडण्यात गेलेला. इंजिनाचा ब्लॉक, तो ओतीव लोखंडाचा म्हणजे बिडाचा ठोकळा, तडकलाय हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण नवरा गेल्यावर अन्नाला न शिवणारी बहीण गाडीत बसून बोलायला लागली, दोन घास खायला लागली, म्हणून यानं तोंडाला कुलूप लावलं. रडतेय गाडी तर रडू दे, कुणाचं काय जातंय?

काय जातंय ते आज सकाळी कळलं. आठ वर्षांची भाची, चिमणी, इस्पितळात बेशुद्ध पडली होती. "हिच्या पोटात काय गेलंय?" डॉक्टरीणबाई सारख्या विचारत होत्या. "नेमकं कळलं तरच उतारा देता येईल, आणि वेळ थोडा आहे." बहीण म्हणाली, "घरचं जेवण आणि तिच्या बाबांचे गोड अश्रू. बास." आणि आणखी अश्रू आणायला बाटली घेऊन धावली. गोड? हे तो आजच ऐकत होता. इंजिनातलं पाणी गोड कसं लागेल? मिस्त्री तिच्यामागे पळत सुटला.

"ती बाटली इकडे दे."

"दादा, बाजूला हो! पोरीला हवेत ते."

"अगं, विष आहे ते!"

गर्दी खवळली. महाराजांनी डोळे उघडले. "नास्तिकाचा हात लागला तर आत्मा निघून जाईल!"

"जाईल तेव्हा जाईल. आधी मला सांगा, दोन महिने ठिबकतंय, तर एवढं पाणी येतं कुठून? भरतं कोण?"

महाराजांचे पाय खुर्चीखाली सरकले. मिस्त्रीनं मखमल ओढली. खाली एक डबा होता, हिरवट पाण्याचा, त्यावर कवटीचं चित्र. थंडीत पाणी गोठू नये म्हणून इंजिनात घालतात ते कूलंट! चवीला गोड आणि पोटात गेलं की घात. गर्दी ओसरली तशी महाराजांनी साध्या पाण्याऐवजी हेच भरायला घेतलं होतं.

त्यानं तिथूनच इस्पितळाला फोन लावला आणि डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. "कळलं. उतारा देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि प्यायलेल्या प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता इकडे पाठवा." पाच मिनिटांत गॅरेज रिकामं झालं. मागच्या दारानं सटकणाऱ्या महाराजांना लोकांनी मानगूट धरून आणलं, ते वेगळंच.

बहीण जागची हलली नाही. "डबा त्यांचा असेल, दादा. पण रडत तर तेच होते ना?"

मिस्त्रीनं ब्लॉक पुसला, रॉकेलचा बोळा फिरवला, पुन्हा कोरडा केला आणि वर खडू फासला. भेगेत मुरलेलं रॉकेल खडूत झिरपलं आणि पांढऱ्यावर हळूहळू एक काळपट ओली रेघ उमटली, वीतभर लांब. "हा तडा. तू इंजिन सुरू करतेस, पाणी तापतं, फुगतं आणि इथून बाहेर येतं."

"कधी पडला?"

हे मात्र त्याला सांगायचं नव्हतं. "आपल्या डोंगरावरच्या कडाक्याच्या थंडीत मेहुणे रोज संध्याकाळी गाडीतलं पाणी काढून ठेवायचे. शेवटच्या आठवड्यात ते इस्पितळात होते. पाण्याचा बर्फ झाला, फुगला, आणि बीड तडकलं."

"मला सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "पाणी काढून ठेव म्हणून. मी विसरले रे." तिनं पदरानं ती रेघ पुसली. "दोन महिने मी कुणाशी बोलत होते, दादा?"

मिस्त्री तिला जवळ घेऊन ढसाढसा रडला.

चिमणी वाचली. महिनाभर सुया आणि नळ्या सोसल्या पोरीनं. तेवढ्या वेळात मिस्त्रीनं ब्लॉक सांधला. बिडाला वेल्डिंग सोसत नाही. म्हणून तडा पुढे सरकू नये यासाठी दोन्ही टोकांना भोकं पाडली, आणि मधे एकाला एक खेटून स्क्रूसारख्या आट्यांच्या खिळ्या बसवल्या. इंजिन तासभर चालवलं. खडू कोरडाच राहिला.

आईच्या कडेवरून चिमणीनं त्या सांध्यावर बोट फिरवलं. "आता बाबा नाही रडणार?"

"नाही गं राणी. बाबा रडतच नव्हते. मी रडत होते."

शिंपी मात्र गेला. त्याच्या बंद दुकानावरून जाताना मिस्त्री अजून मान खाली घालतो. महाराजांना तुरुंग झाला, पण ठाऊक असून गप्प बसलेल्याला कोण शिक्षा देणार? बाबांनो, कुठे थेंब पडताना दिसला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हा येतो कुठून, आणि भरतो कोण? आणि उत्तर ठाऊक असेल तर मोठ्यानं सांगा. जवळच्या माणसाचं मन मोडलं तरी सांगा. मिस्त्री दोन महिने उशिरा बोलला.