तळहाताने वाचलेली कविता

गाणीबाईंना आनंद लपवता येत नसे, हाच त्यांचा मोठा दोष. बालवर्गातल्या या बाई पोरांसाठी प्राण्यांची गाणी रचत, म्हणून त्यांना सगळे गाणीबाईच म्हणत. आज सकाळपासून त्या उगाचच हसत होत्या आणि हातातला खडू सारखा पडत होता. कारण पालीची कविता मंजूर झाली होती, आणि आज पोरं ती सभेत म्हणणार होती!

ही मंजुरीची तऱ्हा सांगायलाच हवी. शाळा भरायची प्रार्थनासभेच्या इमारतीत, आणि सभेच्या व्यासपीठावरून जे बोललं जाईल ते आधी सभेच्या गुरुमहाराजांनी वाचायचं, असा दंडक. आता महाराज काय तुमच्याआमच्यासारखे डोळ्यांनी वाचणार? ते डोळे मिटून कागदावर तळहात ठेवत, जरा वेळ श्वास रोखत आणि म्हणत, "पोचलं." झालं वाचून! त्यांच्याआधी तो कागद कुणी वाचायचा नाही, कारण अक्षरं उष्टी होतात. त्यांच्यानंतरही वाचायचा नाही, कारण तो अविश्वास होतो. एकूण काय, कुणीच वाचायचा नाही.

याच हाताने त्यांनी बाईंच्या नणंदेची दवाखान्यातली फाइलसुद्धा वाचली होती. नणंद म्हणजे महाराजांची पट्टशिष्या. तिच्या काखेत गाठ आली. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, वेळ घालवू नका, ऑपरेशन करा. महाराजांनी बंद फाइलीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाठ शंकेची आहे. विरघळेल." नणंदेने ऑपरेशन रद्द करून टाकलं. बाईंनी हातापाया पडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरला. नणंद जागची हलेना. तेव्हा कुठे रागाच्या भरात बाईंना पाल सुचली. कवितेने गाठ बरी होत नाही, हे बाईंना कळत होतं. पण नणंद त्यांचं दुसरं काही ऐकतच नव्हती.

सभागृह गच्च भरलं होतं. बालवर्ग पुठ्ठ्याचे पंख लावून किडे झाला होता, आणि सगळ्यांत चिमुरडी पोर पाल झाली होती, झग्यात उशी कोंबून. महाराज माइकसमोर आले.

"ही कविता मी अक्षर न् अक्षर वाचली आहे," ते तळवा उंचावून म्हणाले. "पाल म्हणजे स्थिर साधक. मन लावून ऐका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याआड बाईंनी पदर तोंडात कोंबला. पोरांनी खड्या आवाजात सुरुवात केली.

भिंतीवरी पाल बसे, दिव्यापाशी ध्यान,
हालेना ती, डुलेना ती, मोठी पुण्यवान!
"किडे मुंग्या, या रे सारे, उजेडाची वाट,
अंधाराला सोडा आता, झालीच पहाट!"

महाराज मान डोलावू लागले. ते डोलले म्हणून सगळं सभागृह डोललं.

किडा गेला दर्शनाला, परतून ना ये,
जग म्हणे, "मुक्त झाला! केवढं भाग्य हे!"

आता माना जरा अडखळल्या. महाराजांची मात्र डोलतच होती, कारण थांबवावी कुठे ते त्यांना कळेना.

पाल म्हणे, "उपास गं!" चाटे हळू ओठ,
उपासाने कसं बाई वाढलं हे पोट?

चिमुरडीने उशी थोपटली आणि ढेकर दिली. ढेकर कुणी शिकवली नव्हती! मागच्या बाकांवर खसखस पिकली, मग सगळं सभागृह फुटलं. सभेचे सचिव धावत व्यासपीठावर चढले.

"बंद करा! हे मंजूर केलं कुणी?"

आणि सगळ्यांच्या नजरा त्या गोऱ्यागोमट्या तळहाताकडे वळल्या.

महाराज खाकरले. "शेवटची कडवी... मी वाचली तेव्हा नव्हती. मागाहून घुसडलीत कुणीतरी."

"होती, महाराज."

पहिल्या रांगेत नणंद उभी राहिली होती. 

"कागद मीच धरला होता," नणंद म्हणाली. "एकच पान होतं. ते माझ्या हातून तुमच्या हाताखाली आलं आणि तिथून थेट वर्गात गेलं. घुसडणार कोण?"

"बेटी, बस खाली. श्रद्धा..."

"श्रद्धा आहे म्हणूनच विचारते." ती बसली नाही. "माझी फाइलही तुम्ही अशीच वाचली होती. सांगा, गाठ कुठल्या बाजूला आहे? डाव्या की उजव्या?"

 महाराजांनी डोळे मिटले. सवयीने हात पुढे केला, पण हाताखाली कागद नव्हता.

"ईश्वराला डावं-उजवं नसतं, बेटी."

"ईश्वराला नसेल," नणंद म्हणाली. "डॉक्टरला असतं."

ती सरळ पडद्यामागे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ही आपल्या थोबाडीत देणार, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"वहिनी," नणंद म्हणाली, "ती किड्याची ओळ माझ्यावर होती ना?"

"हो ताई."

"तोंडावर बोलायचंस की गं."

"बोलले होते, ताई. कितीदा तरी."

 नणंदेने बाईंचा हात धरला, इतका घट्ट की बांगड्या रुतल्या. बाहेर सचिव ओरडत होते, पोरं दुसऱ्यांदा पहिल्यापासून गात होती, आणि या खेपेला मागचे बाकही साथ देत होते. शाळेला ही इमारत उद्या मिळणार नव्हती, हे उघड होतं. बाईंना त्याचं आत्ता काहीसुद्धा वाटत नव्हतं.

"डॉक्टरीणबाई या वेळी असतील?" नणंदेने विचारलं.

"असतील. नसल्या तर घरून उठवून आणू!" बाई म्हणाल्या, आणि चपला न घालताच निघाल्या.