डाव्या खिडकीची जागा

नवी गाडी आणि नवी सून, पहिल्या महिन्यात दोघींबद्दल मत देऊ नये, असं चित्रकलेचे साहेबराव सर म्हणायचे. पण नागपूरहून परतलेल्या राजानंदला तेवढा धीर कुठला? स्टाफरूममध्ये डबे उघडायच्या आतच त्याचं सुरू झालं. क्लच कसा अगदी हलका, समृद्धीवर गाडी कशी रस्त्याला धरून चालते, एसी पार शेवटच्या सीटपर्यंत कसा पोचतो. मात्र त्या शेवटच्या सीटवर बसवायची ती लेकरंच, मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात. ॲव्हरेज कंपनी सांगते तेवढं देत नाही, पण देईल, गाडी अजून मोकळी व्हायचीय. साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोणच्याची फोड चोखत विचारलं, "ते सगळं बराबर आहे हो सर, पण तुम्ही घरात माणसं तीन. सात सीटा कशाला?"

राजानंद हसला आणि त्यानं विषय बदलला. गाडीबद्दल सांगण्यासारखं सगळं त्यानं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

माणसं तीनच, हे खरं. तो स्वतः, पंचायत समितीत नोकरी करणारी त्याची बायको रूपाली आणि आई केशरबाई. वडील, भिवा, रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून उभा जन्म चालले आणि रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांत गेले. ते गेले तेव्हापासून केशरबाईंनी दारातली प्लास्टिकची खुर्ची धरली ती सोडली नाही. अर्ध्या भाकरीची चतकोर झाली, चतकोराचे दोन घास झाले. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाही. आजार नसताना माणूस डोळ्यांदेखत झिजत जावं, यासारखी दुसरी हतबलता नाही. राजानंदनं कर्ज काढून एवढी मोठी गाडी घेतली ती आईला त्या खुर्चीतून उठवण्यासाठी, आणि हे काही स्टाफरूममध्ये डबा खाता खाता सांगायचं नव्हतं.

पहिला प्रवास दीक्षाभूमीचा, हे ठरलेलंच होतं. रविवारी सकाळी गाडी फाटकाबाहेर काढली, रूपाली पुढे बसली, आणि केशरबाई चढायच्या आधी खाली वाकल्या. रस्त्याच्या कडेचा मुठीएवढा दगड त्यांनी उचलला आणि पदरानं पुसला.

"आई, अगं दीक्षाभूमीला निघालो आपण," राजानंद म्हणाला, "अन् तू दगड घेऊन राह्यलीस?"

"त्याचा काय देव केला का म्या? तिघं निघू नये घरातून, चौथा सोबत पाह्यजे. सोबतीला कुठं धर्म असतो?"

ती रीत त्याला लहानपणापासून माहीत होती. तिघंच निघाले की वाटेतला एक दगड उचलायचा, तो चौथा. परत येताना तो गावाच्या शिवेवर ठेवून द्यायचा आणि मागं न बघता घरी यायचं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखं नव्हतं, पण बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आई कुठल्यातरी गोष्टीसाठी हट्ट करत होती, याचाच त्याला इतका आनंद झाला की त्या भरात तो बोलून गेला, "मग हातात कशाला धरतेस? एवढी जागा आहे, ठेव की शेजारी. डाव्या खिडकीशी. चौथे आपले बाबा."

केशरबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. "दगडाला माणसाचं नाव देत नसतेत रे राजा," त्या हळूच म्हणाल्या. पण नाव देऊन झालं होतं. त्यांनी दगड डाव्या सीटवर ठेवला आणि स्वतः उजवीकडे बसल्या.

जालन्याच्या पुढे समृद्धीवर लागले आणि गाडीनं टिंग टिंग सुरू केलं. समोरच्या पडद्यावर मधल्या रांगेतल्या डाव्या सीटचा छोटासा लाल माणूस लुकलुकत होता. बसलेल्यानं बेल्ट लावला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. "अहो, दगड मोजून राह्यली ही," म्हणत रूपाली हसत हसत मागं वळली आणि तिनं दगडावरून बेल्ट ओढून खटका लावला. आवाज थांबला. सेन्सर जरा जास्तच नाजूक दिसतोय, राजानंद म्हणाला, आणि पुढे मेहकरपर्यंत तिघंही त्यावर हसत राहिले.

त्या प्रवासात केशरबाई जशा उमलल्या, तसं रूपालीनं त्यांना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. ढाब्यावर त्यांनी पिठलं मागून घेतलं, अख्खी भाकरी खाल्ली, वर "ठेचा लई मिळमिळीत" म्हणून वेटरला ऐकवलं. नागपुरात स्तूपाभोवती त्या कुणाचा हात न धरता चालल्या. रात्री रूपालीच्या बहिणीकडे मुक्काम झाला, तिथंही उशिरापर्यंत गोष्टी सांगत बसल्या. रेल्वेच्या चाळीत पहिली चूल मांडली तेव्हा भिवानं इंजिनातला कोळसा कसा आणून दिला, आणि त्या काळ्या हातांनी चहा कसा केला, ते सांगताना त्या तरण्या पोरीसारख्या लाजल्या. राजानंदनं बाहेर जाऊन उगाच गाडीच्या काचा पुसल्या, कारण डोळे पुसायला दुसरं निमित्त नव्हतं.

परतताना एक झालं. ढाब्यावरच्या नळाला केशरबाईंनी दगड धुतला आणि तो ओला होता म्हणून मांडीवर पदरात घेऊन बसल्या. डावी सीट रिकामी होती, तिच्यावर साधी पिशवीसुद्धा नव्हती. गाडी हलली आणि टिंग टिंग सुरू झालं. राजानंदनं आरशात पाहिलं. आई बेल्ट ओढून खटका लावत होती, शांतपणे, रोजचं काम असावं तसं. आवाज थांबला. रूपालीनं हात पुढे करून एसी कमी केला.

गावाची, बदनापूरची शीव आली तेव्हा राजानंदनं गाडी बाजूला घेतली. "ठेवतेस ना आई?"

"उद्या ठेवीन," केशरबाई म्हणाल्या.

तो उद्या उजाडला नाही. उलट रोज शाळा सुटून राजानंद घरी आला की आई केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून तयारच असायची. "चल, एक चक्कर मारू." कधी केदारखेड्याकडं पूर्णेच्या पुलापर्यंत, कधी नुसतं कृषी संशोधन केंद्राच्या शेतांवरून. खुर्ची अंगणात उन्हात पडून राहिली. भाकरी अख्खी झाली, गालावर मांस चढलं, शेजारच्या बाया म्हणाल्या, केशरबाईला गाडी मानवली. रोज टिंग टिंग व्हायचं, रोज त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावायच्या, आणि राजानंद रोज स्वतःला सेन्सर समजावून सांगायचा. आई जगत होती ना? मग बिघडलं कुठं!

बिघडलं ते बोलण्यानं. मागून आईचा आवाज येऊ लागला; आधी एखादं वाक्य, मग मध्ये थांबून दुसरं, जसं समोरच्याचं ऐकून घेऊन माणूस बोलतं तसं. "न्हाई हो, तव्हा पोरगं चौथीत होतं." थोडा वेळ शांतता. "हां, ते खरंय तुमचं." आणि मग हसू. ते हसू इतकं सुखाचं असायचं की राजानंदला अडवणं जमायचं नाही. त्यानं आरसा जरासा वर वळवून ठेवला, म्हणजे त्यात फक्त मागचा रस्ता दिसावा.

एका संध्याकाळी गाडीतून उतरताना आई सहज म्हणाली, "आता लांब जाऊ म्हणून राह्यले तुझे बाबा. मला एकटीलाच."

"कुठं?"

"ते कव्हा सांगायचे कुठं ते? चल म्हणले की चालायचं."

त्या रात्री राजानंदला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेला दांडी मारली, आई आंघोळीला गेल्यावर तिच्या उशाखालचा दगड काढला आणि गाडी जालन्याला वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसानं मशीन लावून पाहिलं. सेन्सरमध्ये दोष बिलकुल नव्हता. "दगडानं वाजत नसतो सर हा. सीटवर निदान लेकराएवढं तरी वजन पाहिजे. आवाजच नको असेल तर वायर काढून देऊ का?"

राजानंदनं त्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. नको, म्हणाला.

परत येताना बदनापूरच्या अलीकडं एका लिंबाच्या झाडाशी त्यानं गाडी थांबवली. येणारंजाणारं कुणी ओळखीचं नाही हे पाहून घेतलं. दगड फेकून द्यायचा असं ठरवून उतरला होता, पण फेकवेना. त्यानं पायातले बूट काढले, बुंध्याशी माती सारखी केली आणि दगड अलगद ठेवला. "बाबा, आईला राहू द्या," तो म्हणाला, आणि मागं न बघता गाडीत येऊन बसला. घरापर्यंत टिंग टिंग झालं नाही. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण आपण कुणाला तरी भर उन्हात रस्त्यावर सोडून आलो, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

केशरबाईंनी अंगणातली खुर्ची ओढून पुन्हा दारात आणली. पहिल्या दिवशी त्या अर्धी भाकरी जेवल्या, मग चहा तेवढा घेतला, मग तोही नको म्हणाल्या. रूपालीनं कढी केली, मऊ भात कालवला, हातानं भरवू पाहिलं. त्यांनी तिचा हात थोपटून बाजूला केला. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. शेवटी रूपाली स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तुमचं विज्ञान कळत न्हाई अन् त्यांचंही काही कळत न्हाई. पण त्या हसत होत्या हो. कुठं लांब जायचं ते जातील, पण हसत जातील. असं उपाशी कसं बघायचं त्यांना?"

राजानंद बाहेर आला. आईनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"कुठं उतरवलंस रे त्यान्ला?"

त्यानं आईला उचलूनच गाडीत ठेवलं. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, आणि लिंबाचं झाड लांबूनच दिसलं. गाडी थांबवून तो धावत बुंध्याशी गेला. रस्त्याच्या कामासाठी तिथं कुणी दगडांचे ढीगच्या ढीग ओतले होते, मुठीएवढे, सारखे, काळे. तो गुडघ्यावर बसून ते उलथेपालथे करू लागला, हे घे, हे टाक, नखं निघाली तरी त्याला कळलं नाही. "आई, सापडत न्हाई गं! यातला कुठला, कसं ओळखू?"

"दगड कशाला पाह्यजे आता?" मागून आवाज आला.

केशरबाई कधी उतरल्या, कशा उतरल्या, कोण जाणे. गाडीच्या डाव्या बाजूला येऊन त्यांनी मधलं दार उघडलं होतं आणि दोन्ही हातांनी ते धरून त्या अदबीनं बाजूला उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करून. चेहऱ्यावर गुलाल उधळावा तसं हसू होतं. "ये, बस गाडीत," त्या लेकाला म्हणाल्या. "लई उन्हात थांबलेत ते. उशीर नको."

राजानंद स्टिअरिंगवर येऊन बसला. हातांना माती होती, ती त्यानं पुसली नाही. ओरडावं, आईला ओढून घरी न्यावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि चावी फिरवली.

गाडी डाव्या अंगाला जराशी दबली आणि पुन्हा सावरली. टिंग टिंग सुरू झालं. त्यानं मान वळवून पाहिलं. आई अजून बाहेरच होती, सीट रिकामी होती. मग खटक्याचा आवाज आला आणि टिंग टिंग थांबलं. आईचे दोन्ही हात दारावरच होते.